टाइल्सवाल्याला बोलवायच्या आधी ओट्यामागचा पाइप पाहून घ्या

गावाकडचं घर रिपेअरिंगला काढलं की सगळ्यांचं डोकं ग्रॅनाइट कोणता नि टाइल्स कोणत्या याच्यातच, ओट्यामागच्या पाइपाला कोणी विचारत नाही. आमचं घर अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडचं, म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीतलं पाणीच खारं, बोअरच्या पाण्यानं बादलीला आठ दिवसांत पांढरा थर धरते. मिस्त्री म्हणे, "भाऊ, पाइप तं टणक हाये, राहू द्या." मी म्हटलं एक तुकडा काप तं खरा. अर्धा इंची जीआय पाइप, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी, बाहेरून पेंट मस्त, आतून क्षार नि गंज मिळून असा भरलेला की पेन्सिल जाईना.

पेंट मारलेला असला नि कळत नसलं तं लोहचुंबक लावा, चिकटला म्हणजे जीआय. मग सकाळी कोणी नळ उघडायच्या आधी पांढऱ्या वाटीत पहिलं पाणी घ्या. लालसर आलं नि जरा वेळानं निवळलं तं घरातलाच पाइप गंजलाय, बादलीभर सोडूनही लालच येत असलं तं टाकीचा तळही पाहा.

नळाची जाळी काढून धुवा, नाहीतर उगाच पाइपाला दोष. आता 10 लिटरची बादली टाकीजवळच्या नळाला लावून टाइम पाहा, मग तीच बादली ओट्यावरच्या नळाला. आमच्याकडे तिथं 1 मिनिट नि इथं 4, मग काय पाहायचं राहिलं?

गळती शोधायची तं रात्री मोटर बंद, सगळे नळ बंद, संडासचा फ्लशही पाहून घ्या, आणि टाकीत कोरडी काठी टाकून पाणी कुठवर आहे ते मोजा, सकाळी परत मोजा. हजार लिटरच्या गोल टाकीत 1 सेंटीमीटर उतरलं म्हणजे साधारण 8-9 लिटर कुठंतरी भिंतीत गेलं. सिंकखाली रात्री कोरडा पेपर पसरून ठेवा, थेंब कुठं पडला ते ओलं दिसतेच.

जुना जॉइंट स्वतः खोलायला जाऊ नका, आणि मिस्त्री खोलत असला तं दोन पाने (पाइप रेंच) लावायला सांगा, एकानं पाइप धरायचा नि दुसऱ्यानं फिरवायचं, नाहीतर आटे भिंतीच्या आत तुटतात आणि मग छिन्नी चालते दिवसभर.

आपल्याकडे खरा घोळ मोरीच्या लाइनचा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसाळ्यात फुगते, फरशीखालचे जॉइंट त्यात सरकतात. बाहेरच्या चेंबरमध्ये पाइपाच्या तोंडात कपड्याचा बोळा घट्ट कोंबा, आतून पाणी भरा, खूण करा, अर्धा तास थांबा. पाणी उतरलं तं फरशी उकरावीच लागते, दुसरा इलाज नाही. उतार 10 फुटाला 3 इंच तरी पाहिजे, नाहीतर राख नि भाताचं पाणी बसून राहते. आणि सिंकचा पाइप सरळ भोकात खुपसलेला असला तं ट्रॅप, म्हणजे पाणी अडवून ठेवणारा वाकडा तुकडा, बसवा, झुरळं काहून येतात ते तिथंच कळते.

नवा सीपीव्हीसी (प्लास्टिकचा) पाइप टाकला तं प्लास्टरच्या आधी रात्रभर पाण्याच्या प्रेशरवर ठेवा. आणि मोजायचा टेप लावून भिंतीचा फोटो काढा, पाइप कुठून गेला ते मग कळते. आम्ही काढला नाही, मग फिल्टर लावायला ड्रिल मारलं ते बरोबर नव्या पाइपात.