गोठ्यातली जुनी आरएक्स उघडताय? गंजलेल्या इंजिनाच्या बाबतीत या चुका टाळा

मराठवाड्यात जुन्या टू-स्ट्रोक गाड्या अजून सापडतात, आणि बहुतेक सापडतात त्या गोठ्यात. घरात नवी गाडी आली की जुनी कडब्याच्या आड जाते आणि तिथंच राहते. इंजिनासाठी याहून वाईट जागा नाही. मुतारीतून उठणारा अमोनिया तांब्या-पितळेला खातो, त्यामुळे कार्बोरेटरचे जेट हिरवे पडतात. ॲल्युमिनियमच्या केसवर, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या पेटीवर, पांढरी भुकटी धरते. परतीच्या पावसात केसमध्ये जी ओल शिरते, तिला बाहेर पडायला वाटच नसते.

आता पोरांना याच गाड्या हव्यात. गट्टूचे टायर, वर वळवलेला सायलेन्सर, आणि बालाघाटच्या डोंगररानात धूळ उडवायची. यामाहाने डीटी-१ ही रानवाटेची गाडी १९६८ सालीच काढली होती, पण आपल्या गावाकडच्या शोरूममध्ये असलं काही कधी दिसलं नाही. आपली डर्ट बाइक म्हणजे यामाहाचीच ९८ सीसीची आरएक्स हंड्रेड, नाहीतर यझदी, नाहीतर राजदूत. आरएक्सचं उत्पादन १९९६ ला थांबलं, म्हैसूरचा यझदीचा कारखानाही त्याच वर्षी बंद पडला. म्हणजे हातात येणारं इंजिन तिशीच्या घरातलं किंवा त्याहून जुनं.

गॅरेजवाला पहिला प्रश्न टाकतो, "मालक, हाफ करायचं का फुल?" हाफ म्हणजे वरचं काम: ब्लॉक, पिस्टन, रिंगा. फुल म्हणजे केस फोडून क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यापर्यंत. चालत्या गाडीसाठी हा प्रश्न बरोबर आहे. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गंजलेल्या गाडीला हाफ हा प्रकारच नसतो. का, ते पुढं येईलच.

किकवर उभं राहू नका

रिंगा आणि बोर (पिस्टन ज्यात सरकतो ती ब्लॉकमधली पोकळी) यांच्यात गंज धरला की पिस्टन चिकटतो. मग चार जण जमतात. एक हँडल धरतो, दुसरा दोन्ही पायांनी किकवर चढतो. "अजून जोर लाव बे, सुटायलंय!" सुटत काही नाही. किकचे दाते उडतात, शाफ्ट पिळला जातो. गिअरमध्ये टाकून गाडी ढकलणं किंवा ट्रॅक्टरला बांधून ओढणं हा तोच प्रकार, फक्त नुकसान मोठं. त्यात पिस्टन आणि क्रँक जोडणारा रॉड वाकू शकतो.

आधी प्लग काढा आणि मोबाइलच्या उजेडात आत बघा. ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल निम्मं-निम्मं मिसळून प्लगच्या भोकातून ओता. ही दोन्ही नीट मिसळत नाहीत, म्हणून ओतायच्या आधी बाटली हलवायची. ॲसिटोन पेट्रोलसारखंच भडकतं, तेव्हा विडी-सिगारेट लांब ठेवा. ॲसिटोन मिळालं नाही तर डिझेल चालतं, वेळ जास्त लागतो इतकंच. दिवसातून एकदा पातळी बघून भर घाला आणि विसरून जा. नंतर क्रँकच्या टोकावरच्या मॅग्नेटच्या नटाला पाना लावून हलकेच मागं-पुढं करा. तसूभर हललं तरी काम झालं. मग घाई न करता थोडं इकडं, थोडं तिकडं. अजिबात हललं नाही तर हेड काढून पिस्टनवर मऊ लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि हळू ठोकायचं. बाभळीचा ओंडका आणि घण नको.

आटे गेले की अर्धा जीव गेला

आरएक्सच्या साइड कव्हरचे चौफुलीचे स्क्रू जपानी मापाचे आहेत. आपला नेहमीचा चौफुली स्क्रू ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही. जोर दिला की वर सरकतो आणि खाच गोल करून टाकतो. जपानी मापाचा बिट घ्या, स्क्रूच्या डोक्यावर दोन-चार ठोके मारून गंज फोडा आणि हातोडीनं ठोकून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. हे हत्यार महाग नाही.

सायलेन्सरचे स्टड जास्त चिवट. तिथं गॅसबत्तीनं स्टड नाही, त्याच्या भोवतीचं ॲल्युमिनियम तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळं पकड ढिली होते. त्याआधी टाकी आणि कार्बोरेटर गाडीवरून उतरवलेले हवेत, हे वेगळं सांगायला नको. स्टड तुटलाच तर वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नट जोडून घ्या. वेल्डिंगच्या तापानंच तो बऱ्याचदा सुटतो.

मॅग्नेट काढायला त्याचा पुलरच हवा. पुलरचे आटे सुलटे की उलटे ते आधी बघा. कडेला हातोडी मारली तर क्रँक वाकडा होतो, आणि ते कळतं ते इंजिन जोडून सुरू केल्यावर.

संडासचं ॲसिड लांब ठेवा

"ॲसिडनं धुतलं की चकाचक." हो, चकाचक होतं, कारण वरचा थर विरघळलेला असतो. संडास धुवायच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ॲल्युमिनियमवर फेसाळतं, पॅकिंग बसायची सपाट कड खातं आणि फटीत उरलेला अंश महिन्याभरात पुन्हा पांढरी भुकटी उगवतो. कॉस्टिक सोडाही ॲल्युमिनियम खातो. केससाठी रॉकेल किंवा डिझेल, पितळी ब्रश, मग भांड्यांचा साबण आणि गरम पाणी, लगेच वाळवणं आणि ऑइलचा हात, एवढं पुरतं. लोखंडी सुटे भाग किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवले तर गंज छान निघतो. स्प्रिंगा आणि बेरिंगा मात्र त्यात टाकू नका.

सँडब्लास्टिंगचा मोह वाईट. वाळूचा कण बेरिंगच्या घरात किंवा ऑइलच्या बारीक भोकात राहिला की नवं काम पहिल्याच फेरीत खलास. करायचंच असेल तर केस बाहेरूनच, आणि प्रत्येक तोंड बंद करून. दिसण्यासाठी एवढी जोखीम घ्यावी असं मला तरी वाटत नाही.

खरा गंज खाली असतो

बोरमधला गंज दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच मागं लागतात. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या बेरिंगला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलबरोबर आलेलं टू-टी ऑइल हाच त्याचा घास. गाडी उभी राहिली की ते ऑइल निथळतं, आणि ओल सगळ्यात खालच्या जागी साचते. तिथंच रॉडचं खालचं बेरिंग असतं.

रॉड वरच्या टोकाला धरून सरळ वर-खाली करा. खेळ अजिबात नको. डाव्या-उजव्या बाजूला थोडा खेळ असतोच, तो असायलाच हवा. त्याला घाबरून बरेच जण चांगला क्रँक बदलतात. मग क्रँक रॉकेलनं धुऊन हळू फिरवा. बोटाला खरखर लागली, मध्येच अडल्यासारखं वाटलं, तर रोलरवर गंजाचे खड्डे पडलेत. असं बेरिंग सुरू झाल्यावर थोडे दिवस बरं चालतं. मग त्याची जाळी तुटते आणि तुकडे पोर्टमधून, म्हणजे ब्लॉकमधल्या वाटांतून, थेट नव्या पिस्टनवर येतात. हाफ इंजिनचे पैसे जातात ते असे.

रॉड किट टाकायचं काम घरचं नाही. क्रँक प्रेसवर फोडून पुन्हा जोडावा लागतो आणि डायल गेजवर सरळ करावा लागतो. टोकाचा हेलकावा साधारण ०.०३ मिलिमीटरच्या आत हवा. लेथवाल्याला विचारा, "डायल गेज आहे का?" तो म्हणाला "डोळ्यानं कळतंय की", तर राम राम करून निघा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे. अशा कारखान्यांच्या जोरावर वाळूज-चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बारीक मापाचं काम करणारे लोक तयार झाले. तालुक्याच्या ठिकाणी भरवशाचा माणूस नसेल तर क्रँक पोत्यात गुंडाळून एसटीनं संभाजीनगर गाठा.

केस उघडताना दोन भागांच्या मध्ये स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. तिथं पडलेला एक ओरखडा म्हणजे कायमची गळती. नवी बेरिंग ठोकून बसवू नका. केस शंभर अंशांच्या आसपास तापवा, बेरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग ती जवळजवळ स्वतःच्या वजनानं आत जाते. जुन्या बेरिंगवर सी-३ (म्हणजे आत थोडी जास्त फट) लिहिलेलं असेल तर नवीही सी-३च घ्या. बेरिंग आणि सील यांत नकली माल फार आहे, तेव्हा डबा बघून नाही, दुकान बघून घ्या.

आधी पिस्टन, मग बोर

ब्लॉक बोरिंगला टाकून मग पिस्टन शोधत फिरायचं, ही उलटी रीत. पिस्टन पंचवीस, पन्नास, पंच्याहत्तर, शंभर अशा चढत्या मापात येतात, म्हणजे ०.२५ ते १ मिलिमीटर. खड्डे निघतील एवढं सगळ्यात लहान माप ठरवा, पिस्टन हातात घ्या आणि तोच पिस्टन लेथवाल्याला देऊन त्याच्या मापानं बोर करून घ्या. पन्नासचे दोन पिस्टनही शंभर टक्के सारखे नसतात. हवेनं थंड होणाऱ्या छोट्या टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन आणि बोर यांत साधारण ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर फट असते. नेमका आकडा मॅन्युअलमधून किंवा पिस्टनच्या खोक्यावरून घ्या.

बोर झाल्यावर पोर्टच्या कडा ब्लेडसारख्या होतात. त्या किंचित तासून गोल केल्याच पाहिजेत, नाहीतर रिंग अडकून तुटते. हे काम बोरिंगवाले हमखास विसरतात. ब्लॉक घेताना बोट आत घालून बघा, बोट कापलं जाईल असं वाटलं तर परत द्या.

रिंग एकटी बोरमध्ये सरकवून तोंडाची फट फिलर गेजनं मोजा. ५० मिलिमीटर बोरला ०.२ च्या आसपास. रिंगेचं तोंड पिस्टनच्या खाचेतल्या पिनवर, पिस्टनचा बाण सायलेन्सरकडं, पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनचे लॉक दर वेळी नवे. आणि लॉक बसवताना केसच्या तोंडात फडकं कोंबायला विसरू नका.

हवेची गळती: बीपीच्या यंत्रानं तपासा

नवा पिस्टन टाकला, आठवड्यात पुन्हा सीझ झाली, मग शिव्या पिस्टनच्या कंपनीला. बहुतेक वेळा दोष क्रँकच्या टोकांवरच्या रबरी सीलचा असतो. टू-स्ट्रोकची केस हवाबंद नसेल तर मॅग्नेटच्या बाजूनं फुकटची हवा आत येते. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, पिस्टन तापतो आणि चिकटतो. म्हणून दोन्ही क्रँक सील नवे, ते चांगले दिसत असले तरी.

जोडणी झाली की सायकलच्या ट्यूबचे तुकडे घेऊन इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करा, पट्टीनं आवळा. एका तुकड्यातून नळी काढून तिला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि घड्याळ जोडा. काटा ३०० वर न्या. हा दाब होतो सुमारे ०.४ बार, आणि सीलला तो सोसतो. पाच-सहा मिनिटं काटा जागेवर राहिला तर केस बंद आहे. उतरायला लागला तर साबणाचं पाणी लावत फिरा: आधी मॅग्नेटमागचा सील, मग केसचा जोड, मग ब्लॉकचं खालचं पॅकिंग. कुठंच बुडबुडा नसेल तर गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबण लावा. तिथं फुगा आला की क्लचकडचा सील गेला. आमच्याकडची गॅरेजं ही तपासणी करत नाहीत, आणि करून मागितली तर हसतात. हसू द्या.

पॅकिंगला बॉण्ड लावताना हात आखडता ठेवा. बाहेर जेवढा दिसतो तेवढाच आतही आलेला असतो, आणि पेट्रोलनं सुटून पोर्टमध्ये जातो.

सुरू झाली, पण…

थंड असताना बरी चालते, तापली की बंद पडते, गार झाली की पुन्हा सुरू: कंडेन्सर किंवा कॉइल बघा. किक उलटी मारते: टायमिंग पुढं गेलंय. एक्सलेटर सोडला तरी रेस खाली येत नाही: हवेची गळती, आणि अशी गाडी पळवत राहू नका. पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं: क्लचकडचा सील. स्लो धरत नाही: पायलट जेट. तो तारेनं कोरू नका, भोक मोठं होतं; कार्बोरेटर क्लीनर आणि हवा मारा.

पॉइंटची फट ०.३ ते ०.४ मिलिमीटर ठेवा आणि नंतरच टायमिंगला हात घाला. उलट क्रम केला तर दोन्ही पुन्हा करावं लागतं.

पेट्रोलचंही बघावं लागतं. आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाच्या मळीचं. या इंजिनांच्या काळात ते नव्हतं. इथेनॉलमुळं मिश्रण थोडं पातळ पडतं, जुने रबरी भाग फुगतात, आणि ते हवेतली ओल ओढतं. पेट्रोलची नळी आणि कार्बोरेटरचे रबर नवे टाका. प्लग पांढरट पडत असेल तर मेन जेट एक नंबर मोठा घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

आरएक्सच्या ऑइल पंपावर पहिल्याच दिवशी विश्वास टाकू नका. इतकी वर्षं उभ्या पंपात हवा भरलेली असते. हवा काढा, आणि तरीही पहिल्या टाकीत लिटरला ४० मिली टू-टी ऑइल हातानं मिसळा. "जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित" हेही खरं नाही. ऑइल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल तेवढं कमी जातं.

पहिले ५०० किलोमीटर एक्सलेटर अर्ध्याच्या वर नको, एकाच रेसवर लांब पळवणं नको, आणि रान तर नकोच. आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी बारीक असते. आवाजासाठी फिल्टर काढून फिरणाऱ्यांच्या रिंगा एका हंगामात जातात. फोमचा फिल्टर ऑइल लावून बसवा आणि रानातून आलं की धुवा. पहिल्यांदा इंजिन चांगलं तापल्यावर रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी हेडचे नट आडवे-तिडवे पुन्हा मापानं आवळा. गरम इंजिनाचे आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे ओढले जातात.