गाय व्यायला आली? मग या चुका टाळा

आधी एक गैरसमज काढा. कॉर्टिसोल (ताण आला की अंगात वाढणारं हार्मोन) म्हणजे वाईटच असं काही नाही. नऊ महिने नऊ दिवस भरत आले की पोटातल्या वासराचंच कॉर्टिसोल वाढतं, त्यानेच पुढे कळा सुरू होतात, आणि व्यायच्या दिवशी गाईचं पण चढतंच. घोळ होतो तो आपण वरून ताणाची भर घालतो तेव्हा.

मी स्वतः केलेली चूक सांगतो. पहिलारू एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) कालवड, उठबस चालू, शेपूट वर, आणि मला सुचलं की इथं चिखल आहे तर पलीकडच्या गोठ्यात नेऊ. नवी जागा, बघायला चार माणसं, त्यात कुत्रं भुंकतंय... कळा थंडच पडल्या की! गाय घाबरली की अ‍ॅड्रेनालिन वाढतं आणि गर्भाशयाचा जोर कमी होतो, घाबरलेली गाय पान्हा चोरते ना, तसलाच प्रकार. जागा बदलायचीच तर २-३ आठवडे आधी बदला, खाली कोरडं पसरा आणि दुसरी गाय नजरेला पडेल असं ठेवा, एकटी कोंडू नका.

पाय दिसले रे दिसले की ओढायची घाई पण नको. अर्धा-पाऊण तास जोर लावून काहीच पुढं सरकत नसेल, किंवा एकच पाय नाहीतर नुसती शेपटी दिसत असेल, तर सरळ डॉक्टरला फोन.

आटवलेली गाय दूध देत नाही म्हणून तिला उन्हात बांधणारे पण लय आहेत. शेवटच्या ६० दिवसांत ऊन लागलं तर वासरू हलकं होतं आणि पुढच्या वेताचं दूध घटतं. एप्रिल-मे मधे सावली आणि गार पाणी पहिलं तिला.

आणि हो, लंगडते म्हणून मेडिकलमधून डेक्सा (डेक्सामेथासोन) आणून टोचू नका! ते कॉर्टिसोलसारखंच स्टेरॉईड आहे, शेवटच्या महिन्यांत दिलं तर गाय अवेळी व्यायते, झार (वार) पण अडकते. डॉक्टर आले तरी गाभण आहे हे आधी सांगा.

रक्त तपासून कॉर्टिसोल बघायच्या भानगडीत पडू नका, सुई बघूनच ते वाढतं 😄 त्यापेक्षा रवंथ करते का, धापा टाकते का, नीट बसते का ते बघा.

झार १२ तासांत नाही पडली तर तिला वीट बांधू नका, डॉक्टर बोलवा. तोवर वासराला चीक पाजून झालेला असला पाहिजे, पहिल्या २ तासांतच.