संकासुर काळाच दिसायला हवा

दशावताराला, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या आमच्या लोकनाट्याला, आयएसओ (कॅमेरा सिग्नल किती मोठा करतो तो आकडा) किती ठेवू, असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, लेन्स कुठली लावणार? कुडाळात माझा स्टुडिओ आहे. कार्तिकात जत्रा लागल्या की हा प्रश्न घेऊन कोणी ना कोणी काउंटरशी उभा असतोच, आणि त्याच्या हातात बहुधा १८-५५ ची किट लेन्स असते. ५५ वर झूम केलं की तिचं अ‍ॅपर्चर ५.६ च्या पलीकडे उघडत नाही. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं तोंड, आकडा लहान तेवढं ते मोठं. त्याच बॉडीला ५० एमएम एफ १.८ लावा, सेन्सरवर जवळपास दहापट प्रकाश पडतो. किट लेन्सला जिथे १२८०० लागतो, तिथे १२५० ते १६०० मध्ये भागतं. नव्या बॉडीसाठी पैसे साठवत असाल तर त्यातले थोडे आधी या लेन्सवर घाला. आणि १.८ वर फोकस हुकेल म्हणून घाबरू नका. क्रॉप, म्हणजे लहान आकाराच्या सेन्सरवर, चार मीटरवरून, पुढचा-मागचा मिळून अर्ध्या मीटरच्या आसपास भाग शार्प राहतो. बाकावर बसलेल्या राजाला तेवढं पुरतं.

आयएसओ वाढवला की नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, येतो, हा समज लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय. नॉइज येतो तो प्रकाश कमी पडल्यामुळे. एका पिक्सेलवर प्रकाशाचे दहा हजार कण पडले तर त्यात शंभराची चढउतार होणारच, म्हणजे एक टक्का. तिथे शंभरच कण पडले तर चढउतार दहाची, म्हणजे दहा टक्के. हे निसर्गाचं गणित आहे, कॅमेरा कितीही महाग घ्या. आयएसओ फक्त जमा झालेला सिग्नल मोठा करतो, त्याच्याबरोबर ही चढउतारही मोठी होते आणि आपल्याला दाणे दिसतात. म्हणून आधी अ‍ॅपर्चर, मग शटर, म्हणजे प्रकाश आत घ्यायचा वेळ, आणि उरलेली कसर आयएसओने भरायची. पण भरायची म्हणजे पूर्ण भरायची. ३२०० च्या वर जाणार नाही अशी शपथ घेऊन फोटो एक स्टॉप, म्हणजे निम्म्या प्रकाशाइतका, अंधारा आणणारे आणि मग लॅपटॉपवर उजळत बसणारे पुष्कळ आहेत. ६४०० वर नीट उजळ घेतलेला फोटो त्यापेक्षा स्वच्छ निघतो, निदान वाईट तरी नक्की निघत नाही.

हे तुमच्या बॉडीला कितपत लागू पडतं ते घरीच बघा. रात्री ट्यूबलाइटखाली काळी छत्री उघडून ठेवा. अ‍ॅपर्चर आणि शटर न बदलता एक रॉ फोटो (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ६४०० वर बरोबर एक्स्पोजरचा घ्या, दुसरा ८०० वर. दुसरा कॉम्प्युटरवर तीन स्टॉप उजळा आणि छत्रीच्या घड्या शेजारी शेजारी ठेवून बघा. माझ्या निकॉन डी७५० वर दोन्हींत फारसा फरक दिसत नाही. कॅनन ६डी सारख्या बॉडीवर ८०० चा फोटो उघड उघड मार खातो, सावल्यांत रंगीत ठिपके आणि पट्टे उठतात. फरक दिसत नसेल तर हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, वाचवायला आयएसओ थोडा खाली ठेवायची मुभा तुम्हाला आहे. दिसत असेल तर अजिबात नाही. आयएसओच्या यादीच्या टोकाला ‘हाय १’, ‘हाय २’ असं लिहिलेलं असतं, ते रॉ काढताना विसरा. तिथे कॅमेरा आकड्यांना नुसता गुणाकार करतो, तो नंतर तुम्हीही करू शकता.

आता प्रत्यक्ष देवळासमोर. पालखी झाल्यावर नाटक उभं राहतं, आणि पूर्वरंगातच, म्हणजे मुख्य कथेच्या आधीच, संकासुर हा असुर येतो, डोक्यापासून पायापर्यंत काळा. तो मालवणीत लोकांना हसवत असतो तेव्हा आपला कॅमेरा गोंधळलेला असतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं सरासरी करड्या रंगाचं हवं असतं. काळा पोशाख आणि मागचा काळोख बघून ते एक्स्पोजर वाढवतं, आणि पुढच्याच प्रवेशात रंगवलेल्या गोऱ्या चेहऱ्याचं पीठ होतं. जत्रेत एकदा लावलेले दिवे पहाटेपर्यंत तसेच राहतात, म्हणून मीटरवर विसंबायची गरजच नाही. मॅन्युअल मोडवर जा. अ‍ॅपर्चर २, शटर १/१००, आणि गणपतीच्या प्रवेशाला हायलाइटचा इशारा (जळालेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) चालू करून दोन-तीन फोटो घ्या. मुकुटाच्या टिकल्या लुकलुकल्या तर लुकलुकू द्या, गाल लुकलुकला तर आयएसओ थोडा खाली. गाल जळायच्या जरा अलीकडे थांबलं की तो आकडा रात्रभर चालतो. माझ्याकडे तो बहुतेक ३२०० ते ६४०० च्या मध्ये बसतो.

मग संकासुराचं काय? त्याच्या पोशाखाच्या घड्या दिसाव्यात म्हणून नंतर लॅपटॉपवर शॅडोचा, म्हणजे सावल्या उजळणारा, स्लायडर वर ढकलण्याचा मोह होतो. ढकलू नका. सगळ्यात कमी प्रकाश तिथेच पडलाय, सगळ्यात जास्त नॉइज तिथेच आहे, वर ओढलात की काळ्याचा जांभळट करडा होतो. ब्लॅकचा स्लायडर उलट थोडा खालीच घ्या. डोळे, हात आणि खांद्यावर पडलेली उजेडाची कड दिसली की पात्र उभं राहतं.

शटर १/१०० ठेवायला कारण आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत एक किंवा दोन पूर्ण फेऱ्या येतात. १/२५० वर एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, त्याच्या पुढचा अर्धा काळा. जनरेटर चालू असेल तर हे गणितही थोडं हलतं. मिररलेसवाल्यांनी सायलेंट शटर बंद ठेवावं, एलईडीखाली आडवे पट्टे येतात. युद्धाच्या प्रवेशाला १/१०० अपुरं पडतं हे खरं, पण मृदंगाच्या थापेवर गिरकी संपते तिथे नट क्षणभर ठाम उभा राहतो. त्या क्षणाला तीन-चार फोटो सलग घ्या, एक तरी शार्प मिळतो. तलवार फिरलेलीच दिसली तर मला आवडते.

रॉ मध्ये काढा, याला पर्याय नाही. जेपीईजीच हवी असेल तर मेनूतलं हाय आयएसओ नॉइज रिडक्शन ‘लो’ वर आणा, नाहीतर रंगवलेल्या भुवया चेहऱ्यावर पसरलेल्या दिसतात. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन या कामाला बंद. ते फक्त दीपमाळेसाठी, तिथे कॅमेरा तिवईवर, आयएसओ १००, आठ सेकंद. त्यानंतर कॅमेरा तेवढाच वेळ आतल्या आत काळा फोटो घेत बसतो, तेव्हा बंद पडला समजून बॅटरी काढू नका. जे हलत नाही त्याला मोठा आयएसओ लावायचं कारणच नाही. तिवई नेली नसेल तर रिकाम्या सभामंडपाचे खांबाला टेकून नऊ फोटो घ्या आणि फोटोशॉपमध्ये जुळवून त्यांची सरासरी काढा. नॉइज एक-तृतीयांशावर येतो.

हॅलोजनखाली एक जास्तीची कटकट आहे. त्या पिवळ्या उजेडात निळा फारच थोडा असतो. व्हाइट बॅलन्स सुधारताना सॉफ्टवेअर नेमका निळा वाढवतं, आणि दाणे तिथेच उठतात. चेहरे पांढरेफटक करायचा हट्ट सोडा. थोडी ऊब राहू दिली की नॉइजही कमी आणि रात्रही खरी वाटते.

आता लॅपटॉप. आधी एक्स्पोजर आणि रंग, नंतर नॉइज, शार्पनिंग सगळ्यात शेवटी. रंगीत नॉइज निःशंक काढा, लाइटरूम (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) रॉ फाइलला त्याचा आकडा २५ स्वतःच लावतं आणि सहसा तो पुरतो. करड्या दाण्यांना मात्र हात राखून. २०२३ पासून लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आहे. ते खरोखर चांगलं आहे, पण सुरुवातीचा ५० चा आकडा मी ३०-३५ वर आणतो. फुकटात हवं असेल तर डार्कटेबलचं ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ वापरा, ते तुमच्या कॅमेऱ्याच्या मोजमापावरून काम करतं. राजाची कामं करणाऱ्या एका राजपार्टी नटाला मी एकाच फोटोच्या दोन प्रती दाखवल्या, एक दाणेदार, एक शंभरवर घासलेली. घासलेली बघून तो म्हणाला, “ह्यो मी न्हय रे, ह्यो पुतळो!” दाढीचे केस, शेल्याची जर आणि घामाने फुटलेला रंग, या तीन जागा शंभर टक्के झूमवर तपासा. तिथे एआय हमखास स्वतःच्या मनाचं काहीतरी रंगवून ठेवतं.

बाकी वेळ झूम करून दाणे मोजत बसू नका. सहा हजार पिक्सेल रुंद फोटो मोबाइलसाठी दोन हजारांवर आणला की नऊ पिक्सेलांचा एक होतो, आणि अर्धी काळजी तिथेच मिटते. दशावतारी नाटक कंपन्यांना फोटो बहुतेक फ्लेक्ससाठी हवे असतात. चार बाय सहा फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयला ३४५६ बाय ५१८४ पिक्सेलांचा, २४ मेगापिक्सेलची फाइल त्याला पुरून उरते. रस्त्यावरून दाणे कोणाला दिसत नाहीत, पुसलेला चेहरा मात्र दिसतो. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा, फोटो म्हणून पाठवलीत तर ती दाबली जाते. आणि फ्लेक्सवाल्याला सांगून ठेवा, वरून आणखी शार्प मारू नको.