मृगाच्या आत आंत्रविषाराची लस टोचा, दख्खनी काटक असली तरी

मेंढपाळ दादांनो, मे संपत आलाय. पाऊस पडायच्या आत आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होऊन मेंढी अचानक मरते त्या रोगाची, लस टोचून घ्या. बाकीचं राहिलं तरी चालेल, हे राहू देऊ नका.

"आपली दख्खनी जातीची मेंढी हाय, तिला काय होतंय" हे पुरंदर, दौंड, शिरूर सगळीकडं ऐकायला मिळतं. काटक आहेच ती, बारीक उंच पाय, अरुंद छाती, बाकदार नाक, लोंबते कान, दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाते आणि पावसाआधी चालतच वर येते, वाळल्या धसकटावर दिवस काढते. लोकर काळी, राठ, केसाळ, एका कातरणीला अर्ध्या किलोच्या आतबाहेर, स्वेटरला चालत नाही पण चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी तिचीच, पावसात पांघरून बघा. पण हा काटकपणा उन्हाचा आणि चालण्याचा आहे. चार महिने धसकट खाल्लेल्या मेंढीला एकदम कोवळं गवत पोटभर मिळालं की आतड्यातले जंतू झपाट्यानं वाढून विष तयार करतात, आणि पहिलं जातं ते कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू.

मागच्या जूनमध्ये शिरूरकडं एका वाड्यावर सकाळी गेलो, वाघुरीत (मेंढ्या कोंडायच्या जाळीत) कोकरू पडलेलं, मान मागं ताणलेली, पायांनी माती उकरलेली. रात्री आईला पीत होतं म्हणे. लस? "पुढच्या आठवड्यात टोचणार होतो."

डोस 2.5 मिली कातडीखाली, पहिल्यांदाच टोचत असाल तर 14 दिवसांनी परत, तरी बाटलीवरचं वाचून घ्या. लागू पडायला पंधरवडा जातो म्हणून आत्ताच. सरकारी दवाखान्यात आधी विचारा. दुकानदार लिव्हर टॉनिकच्या बाटल्या गळ्यात मारतो, त्यानं हा रोग अडत नाही, ते पैसे वैरणीला घाला. माझा अंदाज सांगतो, पहिल्या पावसानंतर दोन-तीन आठवडे फार घात करतात, तेवढे दिवस सकाळी आधी कडबा टाका, मगच चरायला सोडा.

बाकीची कामं:
- पावसाआधी कातरणी, ओली लोकर अंगावर नको
- जंताला फेनबेंडॅझोल, वजनाच्या किलोला 5 मिलीग्रॅम
- नुकत्या गाभण मेंढीला अल्बेंडॅझोल नको
- पीपीआरची (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगची) लस 1 मिली, तीन वर्षांतून एकदा
- वाढलेली खुरं कापणं, बसायला उंचवटा

लस आणताना थर्मासात बर्फ घ्या. मोटरसायकलच्या डिकीत तापलेली लस टोचून "लस देऊन पण मेलं" म्हणणारे खूप भेटलेत.