रीब्रीदर घेण्याआधी त्याच्या सेलकडे बघा

खोल डाइव्हसाठी ट्रायमिक्सपर्यंत, म्हणजे हेलियम मिसळलेल्या वायूपर्यंत, पोहोचलेल्याला रीब्रीदर (सोडलेला श्वास साफ करून, ऑक्सिजन भरून पुन्हा श्वासाला देणारं मशीन) कशासाठी, हे सांगत बसत नाही. पाण्याच्या वर मिनिटाला 20 लिटर हवा लागणारा माणूस 60 मीटरवर ओपन सर्किटमध्ये, म्हणजे साध्या सिलिंडरवर, 140 लिटर ओढतो, त्यातलं हेलियम महागामोलाचं, आणि सगळं बुडबुड्यांतून जातं. रीब्रीदरवर शरीर जाळतं तेवढाच ऑक्सिजन खर्च होतो, मिनिटाला साधारण एक लिटर, खोली कितीही असो. हे गणित डोक्यात बसलं की माणूस रात्र रात्र मशीनच्या किमती बघत बसतो. थोडं थांबा.

जेजे, रेव्हो, इन्स्पिरेशन, लिबर्टी या मशीनांत चांगलं कुठलं, हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी सर शोधा, मशीन मागाहून. रीब्रीदरचं प्रशिक्षण मशीनगणिक वेगळं असतं. एकाचं कार्ड दुसऱ्यावर चालत नाही. शिवाय 40, 60 आणि 100 मीटर अशा पायऱ्या चढताना तोच माणूस तुमच्याबरोबर पाण्यात असेल तर उत्तम. पण जो सर पहिल्याच फोनवर स्वतःकडचं मशीन विकायला काढतो, त्याच्यापासून चार हात लांब राहा. आणि जो "तुझा हात चांगला आहे, दुसरी पायरी लगेच करून टाकू" म्हणतो, त्याच्यापासून आठ हात.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. ऑक्सिजन सेल, म्हणजे श्वासाच्या वायूतला ऑक्सिजनचा दाब मोजणारा सेन्सर.

आपल्याकडे जळगाव-भुसावळला मशीन वर्षातले बहुतेक दिवस घरात पडून असतं. समुद्र लांब, रजा मोजकी. आणि मे महिन्यात आपल्या पत्र्याच्या नाहीतर स्लॅबखालच्या खोलीत काय तापतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरच पारा 45 च्या वर असतो. गॅल्व्हॅनिक सेल ही एक रासायनिक बॅटरी आहे. मशीन बंद असलं तरी हवेतला ऑक्सिजन तिला झिजवत राहतो, आणि उष्णतेत ती झीज वाढते. म्हणून "फक्त दहा तास डाइव्ह झालेलं मशीन" या जाहिरातीला काही अर्थ नाही. सेल तासांवर म्हातारा होत नाही, तारखेवर होतो. वापरात साधारण वर्षभर, आणि कारखान्यातून निघाल्यापासून दीड वर्षाच्या आसपास, की बदलायचा.

मी सेकंडहँड घेतलेल्या मशीनचे तिन्ही सेल घरी तपासले होते. हवेत 10 मिलिव्होल्ट, शुद्ध ऑक्सिजनमध्ये 47-48. हिशेब बरोबर, कारण हवेतला आकडा 4.76 ने गुणला की ऑक्सिजनचा यायला हवा. कॅलिब्रेशन झालं, स्क्रीन हिरवी. इथेच फसगत होते, म्हणून सावकाश वाचा. घरी, जमिनीवर, सेलला जास्तीत जास्त 1.0 बारचा ऑक्सिजन दाखवता येतो. पाण्यात आपण 1.3 चा सेटपॉइंट, म्हणजे मशीनने राखायचा ऑक्सिजनचा दाब, ठेवतो. म्हणजे ज्या पट्ट्यात सेलवर जीव टांगलेला असतो, तो पट्टा घरच्या तपासणीत येतच नाही. म्हातारा सेल 1.0 पर्यंत चोख आकडा देतो आणि पुढे दमतो. 1.2 वर जाऊन अडकतो.

मग काय होतं? ऑक्सिजन सोडणाऱ्या कंट्रोलरला दिसतं 1.2, त्याला पाहिजेत 1.3. तो ऑक्सिजन सोडतो. आकडा हलत नाही. तो आणखी सोडतो. स्क्रीनवर 1.2 च, लूपमध्ये, म्हणजे श्वास फिरतो त्या नळ्यांत, मात्र 1.6, 1.8, 2.0. पुढे झटका (फिट) येतो, आणि पाण्याखाली झटका म्हणजे तोंडातून लूप सुटणं. "तीन सेल आहेत ना, मतदान होतं ना?" असं म्हणाल. होतं. ज्यांचे आकडे जुळतात ते सेल खरे धरले जातात. पण तिन्ही एकाच खोक्यातून आलेले, एकाच उन्हाळ्यात भाजलेले असतील तर दोन एकदम दमतात, आणि खरं सांगणारा तिसरा मतदानात हरतो. इजिप्तमधल्या दहाबला पहिल्याच दिवशी सरांनी 6 मीटरवर शुद्ध ऑक्सिजनने लूप धुवायला लावला. तिथे 1.6 दिसायला हवं. माझे दोन सेल 1.25 च्या पुढे हलेनात. सरांनी काही न बोलता अंगठा वर केला. अंगठा वर म्हणजे डाइव्ह संपली.

खोल गेल्यावर डायल्युएंटने, म्हणजे लूपमध्ये भरायच्या दुसऱ्या सिलिंडरमधल्या वायूने, लूप धुऊन खात्री करता येते. 60 मीटरवर 18/45 (18 टक्के ऑक्सिजन, 45 टक्के हेलियम) असेल तर 1.26 यायला हवं. पण 30 मीटरवर हवेने तोच प्रयोग केला तर 0.84 च येतं, त्यातून वरच्या पट्ट्याचं काही कळत नाही. म्हणून 6 मीटरची तपासणी, नाहीतर सेलवर दाब देऊन बघणारं छोटं भांडं. सेकंडहँड मशीन बघायला जाताना ते भांडं बरोबर न्या. विकणाऱ्याला राग आला तर येऊ द्या. तिन्ही सेल एकदम बदलू नका, वेगवेगळ्या महिन्यांत घेतलेले ठेवा. आणि मशीन मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवून लग्नाला जाऊ नका.

बाकीचं थोडक्यात. ऑक्सिजन मशीन सोडतं ते इलेक्ट्रॉनिक, की माणूस सोडतो ते मॅन्युअल, यावर लोक भांडतात. मॅन्युअलमध्ये माणूस आकड्याकडे सतत बघायला शिकतो, हे मला आवडतं. पण स्थिर दाबाच्या रेग्युलेटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये एका खोलीनंतर ऑक्सिजनचा प्रवाहच थांबतो, तेव्हा खोल जाणाऱ्याने ते आधी विचारून घ्यावं.

सोडालाइम, म्हणजे श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे, दवाखान्यांना पुरवठा करणाऱ्याकडे जळगावातच मिळतं, स्वस्तही पडतं. घेऊ नका. भूल देताना वापरतात ते दाणे साधारण मोठे असतात, आपल्याला 1 ते 2.5 मिलिमीटरचे लागतात. मोठ्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइड निसटतो. डेव्ह शॉ हा रीब्रीदरवर 270 मीटर गेलेला माणूस. 2005 साली दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये तो कार्बन डायऑक्साइड साचूनच गेला. पाण्यात जाण्याआधी पाच मिनिटं मशीनवर श्वास घेतला, म्हणजे प्री-ब्रीद केलं, की स्क्रबर (सोडालाइमचा डबा) ठीक आहे हे कळतं, असं समजू नका. बिघडलेला स्क्रबरही त्यात अनेकदा पास होतो. तरी ते करा, कारण सोलेनॉइड (ऑक्सिजन सोडणारी झडप) आणि सेल चालतात का ते त्यात दिसतं.

ऑक्सिजनची काळजी मात्र करू नका, खरंच. आपल्याकडे ऑक्सिजनचे पुरवठादार आहेत. मोठ्या सिलिंडरमधून 3 लिटरच्या बाटलीत 120 बार जरी उतरला तरी 360 लिटर होतात, म्हणजे कुठल्याही डाइव्हला पुरून उरतो. फक्त उतरवताना घाई नको आणि ग्रीसचा हात लावायचा नाही.

पैशांबद्दल. नव्या मशीनला आठ-दहा लाख सहज जातात. आमच्या मामांनी आकडा ऐकून एवढंच विचारलं, "इतला पैसामा ते ट्रॅक्टर ई जाई ना भो?" त्यांचं चुकत नाही. पण तुम्ही सगळे पैसे मशीनवर घालून बेलआउट, म्हणजे मशीन बिघडल्यावर वर यायचं सिलिंडर, उसना आणणार असाल तर ट्रॅक्टरच घ्या. कार्बन डायऑक्साइड चढलेला माणूस 60 मीटरवर मिनिटाला 300 लिटर ओढतो. 11 लिटरचं भरलेलं सिलिंडर तिथे जेमतेम सात मिनिटं पुरतं, आणि डिकम्प्रेशन, म्हणजे वर येतानाचे थांबे, अजून पुढेच असतं. मशीन थोडं जुनं चालेल. दोन बेलआउट सिलिंडर, त्यांचे रेग्युलेटर आणि नवे सेल यांचे पैसे आधी बाजूला काढा, मग उरतील त्यात मशीन बघा.