पहिलारू गाय दुसऱ्यांदा वेळेत गाभण कशी राहील
बीफच्या, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या कळपात सगळ्यात जास्त डोकं खाते ती पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली गाय, कारण ती स्वतः अजून वाढतीये, दुधाचे दात पडून नवे येतायत, त्यात वासरू अंगावर पितंय, मग माजावर यायला शरीरात उरतं काय? गाभणकाळ साधारण 283 दिवसांचा, म्हणजे वर्षाला एक वासरू हवं असेल तर व्यायल्यावर 80-82 दिवसांत ती परत गाभण राहायलाच हवी, आणि पहिलारूला नुसता माज दाखवायलाच बऱ्याचदा 80 ते 100 दिवस लागतात.

म्हणून खरी तयारी व्यायच्या आधीच करायची. 1 ते 9 च्या बॉडी स्कोअरवर (अंगावरच्या मांस-चरबीचे गुण, 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे फार लठ्ठ) व्याताना 6 च्या आसपास हवी. बरगड्या बघा, लांबूनच एकेक मोजता येत असेल तर गाय हडकलेली समजा, आणि व्यायल्यावर दुधावर असताना अंग भरून काढणं लई अवघड जातं, चारा कितीही ओता. मोठ्या गायींबरोबर तर अजिबात ठेवू नका, त्या ढुशा देऊन गव्हाणीवरून हाकलतात, वेगळा गट करा, चांगला चारा, खुराक आणि मिनरल मिक्श्चर तिकडेच.

माझं मत विचाराल तर कालवडी मोठ्या गायींच्या 3 आठवडे आधीच भरवा, म्हणजे गाभण करून घ्या, त्या व्यातीलही आधी, तेवढा वेळ पुढच्या वेताला हाताशी राहतो. तरीही गाय खालावलीच तर वासरू लवकर तोडा, म्हणजे अंगावर पिणं बंद करा, माज बराच लवकर येतो.