जनावर दगावलं? पुरण्याआधी पंचनामा नीट करून घ्या

पुरात किंवा वीज पडून जनावर मेलं की गावात पहिला सल्ला ठरलेला: ‘आधी पुरून टाका, कागदाचं नंतर बघू.’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. पुरलं की सरकारी भरपाईसाठीचा पुरावा गेला.

तलाठी आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, दोघांना त्याच दिवशी कळवा. फोन केला तरी लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

कानातल्या पिवळ्या टॅगवरचा चिखल पुसा, बाराही आकडे वाचता येतील असा जवळून फोटो काढा. दुसरा फोटो अख्ख्या जनावराचा, जागेसकट. टॅग नसेल तर भरपाई देय नाही, असा राज्याचा 2024 चा आदेश आहे. टॅग वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर दवाखान्यात आजच नाव बदलून घ्या.

शवविच्छेदन डॉक्टर करतात. मात्र नाकातोंडातून काळपट, न गोठणारं रक्त येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा, हात लावू नका, डॉक्टरांना फोनवरच तसं सांगा.

आता पंचनामा. बहुतेक प्रकरणं इथेच अडकतात, तीही दोन शब्दांपायी.

पहिला शब्द ‘वीज’. ‘विजेमुळे मृत्यू’ असं लिहू देऊ नका. आकाशातली वीज असेल तर ‘वीज पडून’ लिहायला लावा. ती नैसर्गिक आपत्ती, तहसीलचं काम. तुटलेल्या तारेचा धक्का बसला असेल तर प्रकरण महावितरण आणि विद्युत निरीक्षकाकडे जातं. मोघम लिहिलं तर फाइल या दारातून त्या दारात फिरत राहते. बिबट्याने मारलं तर तहसीलचा संबंधच नाही. 48 तासांच्या आत वनविभागाला कळवायचं.

दुसरा शब्द ‘जनावर’. नुसतं ‘मोठे जनावर – 1’ लिहिलं की रकमेचा घोळ झालाच. 2022-23 ते 2025-26 साठीच्या सरकारी आपत्ती मदतीच्या निकषांत दुभती गाय-म्हैस 37,500 रुपये, बैल 32,000, वासरू 20,000, शेळी-मेंढी 4,000, कोंबडी 100. म्हणून ‘दुभती म्हैस, तिसरं वेत, डेअरीला दूध चालू’ असंच लिहून घ्या, डेअरीचं पासबुक पुढे ठेवा. पुरात वाहून गेलेल्या जनावराबाबत तर टॅग नंबर आणि हे पासबुक एवढंच हातात उरतं. सही करण्याआधी पंचनामा मोठ्याने वाचायला सांगा. साहेबांना घाई असली तरी. सही झाली की फोटो काढा.

याच निकषांत मोठी दुभती जनावरं कुटुंबामागे तीनच धरलेली. 2025 च्या अतिवृष्टीच्या पॅकेजात ही मर्यादा काढली होती, पण दरवेळी तसं होईल हे गृहीत धरू नका.

पंचनामा झाला की खोल खड्डा, चुना, मीठ, विहिरीपासून लांब.

पैसे आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, पासबुकाची झेरॉक्स कुठल्याही बँकेची दिली असली तरी. ‘आले नाहीत’ म्हणून तहसीलच्या पायऱ्या झिजवण्याआधी ते जुनं, विसरलेलं खातं एकदा तपासा.